माझ्या साडूला नाही म्हणता येत नाही

पेतेलो आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा भर दुपारी अंधार पडला. कॅनडातल्या रेजिनात हिवाळ्यात अंधार लवकर पडतो हे मान्य, पण त्या दिवशी तो फक्त आमच्या हॉलमध्ये पडला. मी दार उघडलं तर समोर मला एक बटण दिसलं. शर्टाचं. वर पाहिलं, तर आणखी एक बटण. डॉक्टरांनी सांगितलेला मानेचा व्यायाम करावा तसा मी वर वर पाहत गेलो, तेव्हा कुठे साधारण पोटमाळ्याच्या उंचीवर एक लाजरं हसू सापडलं. त्या हसण्याच्या बगलेखालून माझी मेहुणी गौरांगी डोकावली.

"भावोजी, हा पेतेलो. फ्रेंड आहे. आत घ्या ना, थंडी येतेय."

थंडी येत नव्हती. थंडीला यायला जागाच उरली नव्हती.

तो आत आला आणि कपाटातल्या कपबश्या एकमेकींना बिलगल्या. सोफ्यावर गुरुदत्त काका बसले होते. गुरुदत्त काका म्हणजे रेजिनातल्या मराठी मंडळींचे आद्य पुरुष. युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि आपण आलो तेव्हाचा बर्फ आतापेक्षा थंड होता असं ठामपणे सांगणारे. त्यांच्या समोरून जाताना पेतेलो अचानक कमरेत वाकला, हात गालिच्याला टेकवला आणि पुटपुटला, "तुलो, तुलो."

आम्हाला वाटलं, याचं काहीतरी पडलं.

"काँटॅक्ट लेन्स असेल," माझी बायको उल्का म्हणाली, आणि खाली बसून शोधू लागली. तिच्यामागे मी. माझ्यामागे दोन्ही गुडघे बदललेले गुरुदत्त काका. घरातली सगळी कर्तीसवरती माणसं गालिच्यावर रांगताहेत आणि मधोमध तो डोंगर भेदरून उभा. पुढे कळलं ते असं, की त्याच्या देशात बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून ताठ मानेने जात नाहीत, वाकून, माफी मागत जातात. आता वडीलधारेच जमिनीवर उतरल्यावर त्याच्यापुढे एकच मार्ग उरला. तो पोटावर आडवा झाला.

"उठा सगळे," गौरांगी म्हणाली. "ही इज जस्ट बीइंग पोलाइट."

मग जेवण. उल्काने पुरणपोळ्या केल्या होत्या. आमच्याकडे आग्रहाचे नियम ठरलेले आहेत. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, पाहुण्याने नको म्हणायचं, पुन्हा आग्रह, पुन्हा नको, मग पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा, त्या हाताखालून एक पोळी सरकवायची आणि दोघांनी समाधानाने थांबायचं. पेतेलोच्या घरचा नियम एवढाच, की मोठ्या माणसाने वाढलेलं नाकारायचं नाही. या दोन संस्कृतींची गाठ त्या दिवशी आमच्या डायनिंग टेबलवर पडली. उल्का थांबेना, कारण तो नको म्हणेना. तो नको म्हणेना, कारण ती थांबेना. पुरणपोळ्या संपल्या. फ्रीजरमधले पराठे संपले. सकाळच्या टोस्टचा ब्रेड संपला. उल्काच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. कॅनडात येताना आईने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा तिने उघडला तेव्हा गौरांगीने स्वतःची प्लेट त्याच्या ताटावर उपडी घातली आणि युद्ध थांबवलं.

"ताई, त्याला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "मीच विसरले सांगायला."

पेतेलो घामाने निथळत, हसत म्हणाला, "व्हेरी नाइस." आणि घराबाहेर गेल्यावर, उणे सव्वीसमध्ये, कोट न घालता बराच वेळ बर्फात उभा राहिला.

दीड वर्षाने तो माझा साडू झाला.

साडू हे नातं मोठं सोयीचं असतं. एकाच सासऱ्याबद्दल दोन पुरुषांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून ते निर्माण झालं असावं. पण आमच्या सासऱ्यांनी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर पेतेलोला विचारलं, "आमच्या मुलीला सुखात ठेवाल ना?" आणि तो लगेच "हो" म्हणाला. मग त्यांनी विचारलं, "मांसाहार सोडाल?" तो "हो" म्हणाला. सासऱ्यांना जोर चढला. "संध्याकाळी रामरक्षा म्हणाल?" "हो." कॉल संपेपर्यंत त्यांना असा जावई मिळाला होता की माझ्याकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. पेतेलोविषयी माझी तक्रार असेल तर तेवढीच.

त्याची आणि गौरांगीची ओळखही अशीच झाली. गौरांगी फार्मसिस्ट. तो तिच्या काउंटरवर फ्लूचं इंजेक्शन घ्यायला आला. तिने सवयीप्रमाणे विचारलं, टिटॅनसचं घ्यायचंय का. हो. न्यूमोनियाचं? हो. तिला शंका आली. तिने पिवळ्या तापाचंही विचारून पाहिलं. रेजिनात पिवळा ताप आजवर कुणाला आलेला नाही. तो म्हणाला, हो. तिने सगळं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, मग एक कॉफी? तिथून पुढचं सगळं तिनेच विचारलं आणि त्याने हो म्हटलं. ही गोष्ट ती पार्ट्यांमध्ये फार रंगवून सांगते आणि सगळे हसतात. सांगून झाल्यावर ती स्वतः हसायची थांबते, तेवढं लक्ष द्या. पुढे त्याचं काम आहे.

पेतेलो सामोआचा. पॅसिफिक महासागरात, नकाशावर कुणाच्या पेनची शाई उडावी तशी जी बेटं दिसतात त्यांतल्या काहींचा हा देश. त्यातल्याही सवाई नावाच्या बेटावरचा, हे ऐकल्यावर गुरुदत्त काकांना उगीचच त्याच्याविषयी संगीतातला आदर वाटू लागला. त्याचा धंदा रेफ्रिजरेशन मेकॅनिकचा. तिथे मासे साठवायच्या शीतगृहात होता, इथे आइस रिंकवर आहे. बाहेर उणे तीस असताना आतला बर्फ वितळू नये म्हणून कुणीतरी पगारावर ठेवावं लागतं, ही गोष्ट मला आजही पटलेली नाही. पण नारळाच्या झाडाखाली वाढलेला माणूस ते काम करतो यात मला काहीतरी न्याय दिसतो.

सामोआची माणसं घर सोडतात, नाही असं नाही. पण ती ऑकलंडला जातात, सिडनीला जातात. तिथे त्यांची चर्चं आहेत, मावश्या आहेत, रताळी-अरवी मिळते. रेजिनाला कुणी येत नाही. रेजिनाला, खरं सांगायचं तर, शेजारच्या सास्काटूनचे लोकही येत नाहीत. मग हा का आला? कुणी विचारलं की तो म्हणायचा, "शांत गाव आहे." आम्ही ते उत्तर बरीच वर्षं चालवून घेतलं.

खरं उत्तर मला मिळालं ते टायर बदलताना. ऑक्टोबरचा शेवट, ड्राइव्हवेमध्ये माझी गाडी, आणि आम्ही दोघं विंटर टायर्स चढवत होतो. म्हणजे तो चढवत होता, मी नट धरून होतो. मी जॅक शोधायला बेसमेंटमध्ये जाऊन आलो तोवर त्याने गाडी एका विटेवर बसवली होती. कशी, ते मी विचारलं नाही. त्याऐवजी विचारलं, "पेतेलो, खरं सांग. जगात इतक्या जागा सोडून हे गाव का?"

तो इंग्रजीत बोलतो, मधून मधून गौरांगीकडून उचललेलं मराठी. मला तो भावोजी म्हणतो, कारण ती म्हणते. त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत देतो.

"भावोजी, कारण इथे माझं कुणी नव्हतं."

"हे काय कारण झालं?"

"तेच कारण. मी नकाशा घेऊन बसलो होतो. ऑकलंडला आत्या. सिडनीला चुलतभाऊ, बरेच. हवाईला, कॅलिफोर्नियाला सगळीकडे कुणी ना कुणी. मग रेजिना पाहिलं. कुणीच नव्हतं. हिवाळ्याचं तापमान वाचलं, तेव्हा खात्री पटली की भेटायलाही कुणी येणार नाही."

मग हळूहळू निघालं ते असं. त्यांच्याकडे प्रत्येक मोठ्या घराण्याची एक पदवी असते. ती ज्याच्याकडे, तो घराण्याचा प्रमुख, मताई. घराण्याची जमीन कुणी कसायची, कुणी कुठे घर बांधायचं, कुणाचं भांडण कसं मिटवायचं, कुणाच्या मयताला किती मानाच्या चटया न्यायच्या, सगळं त्याच्या शब्दावर. पदवी वडिलांकडून मुलाकडे आपोआप जात नाही; घराणं बसून ठरवतं, कुणी मन लावून सेवा केली ते पाहतं. पेतेलोच्या घराण्याची पदवी त्याच्या मोठ्या काकांकडे. एका रविवारी सगळ्यांदेखत काकांनी याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामागे हा."

"मग? मान आहे की," मी म्हणालो. आमच्या घराण्यात एवढंही कुणी कुणाला दिलेलं नाही. वडिलांनी मला फक्त सायनसचा त्रास दिला.

"तुम्ही माझी गोष्ट ऐका. काका आजारी पडले, राजधानीत, अपियाला हॉस्पिटलात होते. तेवढे दिवस मला त्यांच्या जागी बसवलं. पहिला दिवस. एक चुलतभाऊ आला. म्हणाला, चर्चच्या बाजूच्या तुकड्यावर घर बांधू का? मी म्हणालो, बांध. दुसरा चुलतभाऊ आला. म्हणाला, चर्चच्या बाजूच्या तुकड्यावर मी घर बांधू का?"

"आणि तू म्हणालास, बांध."

त्याने नट घट्ट केला. "त्याचा चेहरा फार आशेने भरलेला होता, भावोजी. काका परत आले तेव्हा दोघांचे पाये खणून झाले होते. एक पाया दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून जात होता."

"काका चिडले?"

"हसले. म्हणाले, शिकशील. मी तेव्हाच ठरवलं. मताईला नाही म्हणावं लागतं, रोज. तेवढं एकच काम असतं त्याला. मी त्या जागी बसलो तर पाच वर्षांत घराण्यात एकाही माणसाला पाय ठेवायला जमीन उरणार नाही. त्यांनी मागितली तर मला नाही म्हणता येणार नाही. मला व्हायचं नाही हेसुद्धा त्यांना सांगता येणार नाही. मग मी कोर्स केला, अप्लाय केलं आणि आलो."

म्हणजे बघा, माणसं गरिबीला कंटाळून देश सोडतात, लढाईला भिऊन सोडतात, शेजाऱ्याच्या गाण्याला वैतागूनसुद्धा सोडतात. माझ्या साडूने एक शब्द तोंडातून निघत नाही म्हणून अर्धी पृथ्वी ओलांडली.

आणि ओलांडून आला कुठे, तर आमच्यात. मराठी माणसाला नाही न म्हणणारा माणूस सापडला की काय होतं हे वेगळं सांगायला नको. पहिल्या हिवाळ्यात त्याने गुरुदत्त काकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ पडला की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हवामानाऐवजी पेतेलो कुठवर आला याचे मेसेज येऊ लागले. मंडळातली शिवांगी कॉन्डोत राहायला गेली तेव्हा लिफ्ट बंद होती. तिचा सोफा जिन्यावरून वर गेला आणि मोठा वाटला म्हणून खाली आला, दोन्ही वेळा एकट्या पेतेलोच्या पाठीवर. गणपतीची मूर्ती तोच आणतो. मंडळाच्या नाटकात त्याला वडाचं झाड केलं, आणि तालमीनंतर सतरंज्या घडी करायचं कामही झाडानेच केलं. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून वाजलं की दोघंही त्याच्याकडे येतात. तो दोघांचंही ऐकतो आणि दोघांनाही हो म्हणतो, आणि मग गुपचूप स्वतःच जाऊन कुंपण बांधून देतो.

आम्ही त्याला राबवतो असं उल्का म्हणते. हे म्हणाली त्याच आठवड्यात तिने त्याच्याकडून गॅरेज आवरून घेतलं.

गेल्या जानेवारीत फोन आला. मोठे काका थकले होते. पदवीचा निर्णय आता करायचा, रविवारी चर्चनंतर सगळं घराणं बसणार, पेतेलोने व्हिडिओवर हजर राहावं.

गौरांगी आमच्या घरी आली ती बूट न काढता स्वयंपाकघरात आली. यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं.

"ते विचारणार आणि हा हो म्हणणार," ती म्हणाली. "मताई गावात राहतो, ताई. रेजिनातून गाव चालवता येत नाही. मी काय करू? इतक्या वर्षांनी सीनियर झालेय, घर घेतलंय, ईशिताची शाळा आहे. मी तिथे जाऊन काय, नारळ सोलू?"

"मग त्याला सांग ना, नाही म्हण," उल्का म्हणाली.

"सांगितलं. तो हो म्हणाला."

ईशिता, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, फ्रीज उघडून उभी होती. ती म्हणाली, "इट्स लिटरली वन सिलेबल, मॉम. ही कान्ट इव्हन से इट टू द डॉग."

उल्का चहा टाकायला वळली तेव्हा गौरांगी माझ्याजवळ आवाज उतरवून म्हणाली, "भावोजी, एक सांगू? कॉफीचं मी विचारलं. लग्नाचंही मीच विचारलं. तो दोन्ही वेळा हो म्हणाला. पण तो पिवळ्या तापालासुद्धा हो म्हणाला होता."

ती हसली. मीही हसायला तोंड उघडलं, पण ते तसंच बंद केलं.

मग मी पेतेलोची शिकवणी घेतली. मराठीत सरळ नाही कुणी म्हणतच नाही, हे मी त्याला समजावलं. आपल्याकडे 'बघू' आहे, 'कळवतो' आहे, 'घरी विचारून सांगतो' आहे, 'सध्या जरा पाठीचं' आहे. ज्या माणसाकडे हे चार शब्द आहेत त्याला आयुष्यात कुणाचा सोफा उचलावा लागत नाही. पेतेलो मन लावून शिकला. वहीत लिहून घेऊ का म्हणाला. मी म्हणालो, हे रक्तात उतरावं लागतं. परीक्षा म्हणून उल्काने विचारलं, "पेतेलो, आमचं बेसमेंट रंगवून देशील?"

त्याने डोळे मिटले. कपाळावर घाम आला. "बघू," तो म्हणाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन दारात हजर.

"रात्रभर वाईट वाटत होतं," तो म्हणाला. बेसमेंट छान झालं. फिकट पिस्ता.

त्याच बेसमेंटमध्ये शनिवारी संध्याकाळी आम्ही मोठ्या टीव्हीसमोर बसलो. त्यांच्याकडे तेव्हा रविवारची दुपार. म्हणजे त्यांच्याकडे उद्या उजाडलेला, आणि आपल्याला अजून कालच्यात बसून त्यांच्याशी वाद घालायचा, हे मला सुरुवातीलाच गैरसोयीचं वाटलं. पडद्यावर चारी बाजूंनी उघडं, गोल छपराचं घर दिसत होतं. प्रत्येक खांबाला पाठ टेकून एकेक वृद्ध मांडी घालून बसलेला. बायका पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत. मधोमध मोठे काका, वाळलेले, खांद्यावर शाल. त्यांच्या बाजूच्या माणसाच्या हातात चवरी होती. गुरुदत्त काकांनी चवरी पाहिली आणि हात जोडले.

तो चवरीवाला त्यांच्या घराण्याचा बोलणारा. त्यांच्याकडे मोठी बोलणी स्वतः करत नाहीत; घराण्याच्या वतीने बोलायला वेगळा माणूस असतो, आणि बोलण्याची कला हीच त्याची इस्टेट. तो बराच वेळ बोलला. पेतेलोच्या सिना आत्या इंग्रजीत सांगत होत्या. समुद्राचा उल्लेख झाला, पूर्वजांचा झाला, प्रवासाला निघालेल्या आणि वाट चुकलेल्या होडीचा झाला. मग आत्या म्हणाल्या, "ते विचारताहेत, तुमच्या बाजूने कोण बोलणार?"

पेतेलोने माझ्याकडे बोट दाखवलं.

उल्काने कपाळाला हात लावला. पण मला कुणी बोल म्हटल्यावर मी मागे राहत नाही, एवढा पेतेलोचा गुण माझ्यातही आहे. मी उठून उभा राहिलो. काय सांगायचं ते पक्कं ठरलं होतं: या माणसाला रेजिनातून हलवता येणार नाही. आता आपल्याकडे जावयाबद्दल, साडूबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे कसं बोलतात, ते आपल्याला माहीत आहे. मी सांगितलं की इथे बर्फ पडला की म्हातारी माणसं याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. चवरीवाला म्हणाला, "मालिए," म्हणजे वाहवा. खांबांजवळचे सगळे म्हणाले, "मालिए." मला हुरूप आला. मी सांगितलं की आमचा देव याच्या खांद्यावरून येतो. मालिए. आमची भांडणं याच्या दारात मिटतात. मालिए. हा नसेल तर आमचं एक पान हलणार नाही, परक्या देशात परक्या माणसांची याने अशी सेवा केली की आम्ही त्याला आमच्या घरातला मोठा समजतो. गुरुदत्त काकांनी डोळे पुसले. सामोआत दोन-तीन टोप्या रुमालासाठी वाकल्या.

मी खाली बसलो. मग चवरीवाला म्हणाला, आणि आत्यांनी सांगितलं, "आम्ही इतकी वर्षं विचार करत होतो की तो पळून गेला. आज कळलं, तो सेवा करायला गेला होता. आता घराण्यात कुणाच्या मनात शंका उरली नाही."

टेबलाखालून उल्काची लाथ बसली. गौरांगी गालिच्याकडे पाहत होती.

मग मोठे काका बोलले. त्यांचा आवाज बारीक होता, पण ते इंग्रजीत बोलले, आमच्यासाठी. "पेतेलो. तू स्वतः सांग. पदवी घेशील?"

पेतेलो वाकला. इतका वाकला की पडद्यावर त्यांना त्याची नुसती पाठ दिसत असावी. माझ्या मनात आलं, संपलं. ईशिता त्याच्या बाजूला बसली होती, तिने त्याची बाही धरली. तो तसाच वाकलेला राहिला, आणि मग सरळ झाला. एवढा मोठा माणूस सरळ व्हायला वेळ लागतो.

"लेआई," तो म्हणाला. त्यांच्या भाषेत. मग इंग्रजीत, हळू, "नाही, काका. मला इथे राहायचंय. गौरांगीजवळ. हे मला कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही. माझं मला वाटतं."

गौरांगीने मान वर केली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिली.

पडद्यावरून एक कोंबडी सावकाश चालत गेली. मग आत्या म्हणाल्या, "पण राहायला तुला कोण नको म्हणतंय?"

"मताई गावात राहतो," पेतेलो म्हणाला.

"पूर्वी राहायचे. हल्ली कोण राहतंय? पदवी आम्ही सगळ्या शाखांना वाटून देतोय. ऑकलंडचे तुझे भाऊ आहेत, सिडनीचे आहेत. अकरा जण, तुला धरून. सगळे रजा काढून समारंभाला येणार, जेवणार आणि आपापल्या कामावर परत जाणार. शेजारच्या घराण्याने तर गेल्या वर्षी वीस जणांना दिली."

पेतेलोचं तोंड उघडंच राहिलं. "मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस," मोठे काका म्हणाले.

"मोठ्यांना विचारायचं नसतं."

"बरोबर," काका म्हणाले. "आणि लहानांना आम्ही सांगत नसतो."

चवरीवाल्याला हसू आवरेना. त्याने चवरी तोंडापुढे धरली. पेतेलोने आमच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलायला लागले. तो शब्द मला दिसला, येऊ घातलेला, त्याचा जुना लाडका शब्द.

"आता हो म्हणू नकोस हं," गौरांगी मराठीत म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा नाही म्हणालायस. थोडा वेळ टिकू दे."

तो थांबला.

"म्हणजे येतं तुला," ती म्हणाली.

"येतं," पेतेलो म्हणाला. "फार त्रास होतो."

काकांनी चवरीवाल्याला काही सांगितलं, त्याने मान हलवली, आणि तिकडे जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली. इकडे उल्का वर स्वयंपाकघरात गेली आणि तिने पेतेलोला विचारलं, पिठलं-भाकरी चालेल का. तो हो म्हणाला.

पदवी जूनमध्ये दहा जणांना मिळाली. त्यांतला एकही गावात राहत नाही.